शिशाच्या शिपायांची खोकी

लढायांचा इतिहास वाचणारे पुष्कळ असतात. लढायांच्या खेळांचा इतिहास वाचणारे त्याहून कमी. आणि त्या खेळातले रंगवलेले शिपाई खेळ संपल्यावर ठेवायचे कुठे, एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचे कसे, याचा इतिहास वाचणारे बहुधा मी, आणि या वीकांताला तुम्ही! पण मंडळी, विषय वाटतो तितका फुटकळ नाही. कुठला खेळ जगभर पसरला आणि कुठली कलाकृती दोनशे वर्षं टिकली, याचं उत्तर बऱ्याचदा खोक्यात सापडतं.

ज्यांना वॉरगेमिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं. त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे शिपाई उभे करायचे. मग फासे, मोजपट्टी आणि नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन लढाई खेळायची. यातला एकेक शिपाई हाताने, बारीक कुंचल्याने रंगवलेला असतो. डोळे, बटणं, पट्टे, सगळं. एका शिपायाला तासभर धरा आणि दीडशे शिपायांचं सैन्य धरा, म्हणजे किती शनिवार-रविवार गेले याचा हिशोब तुम्हीच करा. असं सैन्य मित्राच्या घरी रिक्षातून न्यायचं म्हणजे काय धाकधूक होत असेल!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत प्रश्न दोन आहेत. डेटा नुसता पडून असताना तो सडू नये, आणि डेटा प्रवासात असताना तो फुटू नये. शिपायांचंही अगदी तसंच.

राजाचं टेबल आणि पोराची पेटी

बुद्धिबळापासून सुरुवात करायची तर आपल्या चतुरंगापर्यंत मागे जावं लागेल, ते सोडून देऊ. आधुनिक वॉरगेमचा उगम प्रशियातला. जॉर्ज लिओपोल्ड फॉन रायस्विट्झ नावाचा एक सरकारी अधिकारी वाळूच्या टेबलावर लढाईचा खेळ खेळायचा. १८११ मध्ये राजपुत्रांनी तो पाहिला, त्यांना आवडला, आणि गोष्ट राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्या कानावर गेली. राजाने खेळ पाहायची इच्छा दाखवली. आता राजासमोर ओली वाळू न्यायची कशी? रायस्विट्झने वेळ मागून घेतला आणि १८१२ मध्ये राजवाड्यात जे पोचवलं ते चक्क एक भलंमोठं खणांचं कपाट होतं. कपाटाचा माथा म्हणजे खेळाचं टेबल. जमिनीचे चौकोनी तुकडे प्लास्टरचे, उठावदार आणि रंगवलेले, हवे तसे जुळवायचे. सैन्याचे ठोकळे चिनीमातीचे. फासे, पट्ट्या, सगळं सामान त्याच कपाटाच्या खणांत, जिथल्या तिथे.

म्हणजे आधुनिक वॉरगेमिंगच्या पहिल्या प्रसिद्ध संचात खेळ आणि साठवण एकाच फर्निचरमध्ये होती. ते कपाट आजही बर्लिनमध्ये जपून ठेवलेलं आहे. टिकलं, कारण ते राजवाड्यातून फारसं हललंच नाही. पण त्याच कारणाने तो खेळ पसरलाही नाही. दुसऱ्या कुणाला खेळायचा तर राजवाड्यात जाऊन बसावं लागलं असतं!

पसरला तो त्याच्या मुलाचा खेळ. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने प्लास्टरची जमीन काढून टाकली आणि १:८००० प्रमाणाचे कागदी नकाशे घेतले. चिनीमातीऐवजी शिशाचे लहान ठोकळे घेतले, एका बाजूचे लाल, दुसऱ्या बाजूचे निळे. अख्खं युद्ध एका छोट्या पेटीत मावायला लागलं. १८२४ मध्ये लष्करप्रमुखांच्या कार्यालयातल्या बड्या मंडळींना खेळ पटला आणि तो प्रशियन पलटणींमध्ये शिकवण्याचं साधन म्हणून गेला. बापाचा मेनफ्रेम, मुलाचा लॅपटॉप. नियमही मुलाने सुधारले हे खरंच, पण पेटी काखोटीला मारून छावणीत नेता येत नसती तर ते नियम वाचले कुणी असते? बिचाऱ्या मुलाला त्याचं यश फार काळ बघता आलं नाही, १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

चपटे, गोल आणि दोऱ्याने बांधलेले

हे झाले ठोकळे. खऱ्या शिपायांसारखे दिसणारे शिपाई त्याआधीच न्यूरेम्बर्गमध्ये तयार होत होते. १७७० च्या दशकात हिल्पर्ट नावाच्या कारागिराने कथील मिश्रधातूचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. (कथील म्हणजे कल्हईवाला वापरतो ते.) पुढे हाइनरिक्सनच्या कारखान्याने १८४८ च्या सुमारास साधारण ३० मिलिमीटर ही उंची पक्की केली आणि ती 'न्यूरेम्बर्ग माप' म्हणून रूढ झाली. एक प्रमाण ठरलं की कुणाचेही शिपाई कुणाच्याही सैन्यात चालतात, हे वेगळं सांगायला नको.

हे चपटे शिपाई वजनावर विकले जायचे, आणि पातळ लाकडी पट्टी वाकवून केलेल्या लंबगोल डब्यांत यायचे. चपटेपणाचा फायदा बघा. थरावर थर, मध्ये कागद, आणि छोट्याशा डब्यात अख्खी पलटण. साठवणीच्या दृष्टीने याहून चांगली रचना नंतर झालीच नाही असं माझं मत आहे. नंतरचे शिपाई जसजसे खरे दिसायला लागले, हात बाहेर, बंदूक पुढे, भाला वर, तसतसे ते ठेवायला अवघड होत गेले.

१८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन ज्युनियरने आतून पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर घट्ट झाला की आतलं ओतून टाकायचं. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे खेळाचं पुस्तक लिहिलं ते अशाच शिपायांवर. पण मला ब्रिटनच्या शिपायांपेक्षा त्याचं लाल खोकं जास्त आवडतं. त्यात शिपाई नुसते भरलेले नसत, आतल्या पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधलेले असत.

इथे दोन विचारसरणी दिसतात. पहिली: वस्तूला चारी बाजूंनी घेरा. भुसा, कापूस, कागद, पुढे फोम. दुसरी: वस्तूला एका जागी पकडा आणि बाकी सगळीकडे हवा ठेवा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आपण पहिल्या पद्धतीने ठेवतो. किल्ला मोडला की वर्तमानपत्रात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे, खोकं माळ्यावर. पुढच्या वर्षी उघडलं की दोघातिघांच्या तलवारी गायब आणि नाकाचा रंग कागदाला. घेरणारी वस्तू धक्का शोषते, पण ती घासतेही. रंगाचा शत्रू धक्का कमी आणि घासणं जास्त.

४०० चौरस फुटांची लढाई

या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुःखी गडी म्हणजे कॅप्टन विल्यम सायबोर्न. १८३० मध्ये त्याला वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल करायचं काम मिळालं. गडी स्वतः त्या लढाईत नव्हता, पण चिकाटी अशी की आठ महिने रणभूमीवरच्या ला ए सांत या शेतघरात राहून त्याने जमिनीची मोजणी केली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती? समोर शत्रू कोण होता? आणि आजूबाजूच्या शेतात पीक कुठलं होतं? पीक! याला म्हणतात रिक्वायरमेंट गॅदरिंग.

१८३३ मध्ये सरकारने पैसे थांबवले. सायबोर्नने कर्ज काढून काम चालू ठेवलं. १८३८ मध्ये मॉडेल पुरं झालं. एका मैलाला नऊ फूट हे प्रमाण, म्हणजे ४०० चौरस फुटांच्या आसपास जागा. मुंबईत एवढ्यात एक संसार राहतो. त्यावर ७०,००० हून जास्त शिपाई, प्रत्येक जेमतेम सेंटिमीटरभर. बंदुकांचा धूर कापसासारख्या तंतूंचा. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये एक शिलिंग तिकीट लावून ते दाखवलं आणि सुमारे १ लाख लोकांनी पाहिलं. खर्च ३,००० पौंडांच्या घरात गेला होता. सायबोर्नच्या हाती मात्र काही लागलं नाही. १८४९ मध्ये तो गेला तोवर ते पैसे काही वसूल झाले नव्हते.

एवढं प्रचंड मॉडेल हलवलं कसं? उत्तर ब्रिटनच्या दोऱ्यासारखंच आहे. सायबोर्नने शिपाई सुटे ठेवले नाहीत, जमिनीत रोवले. आणि जमीन तुकड्यांत केली. शिपाई पॅक करायचा नाहीच, त्याच्या पायाखालचं शेत पॅक करायचं. त्यामुळेच ते मॉडेल लंडनमध्ये एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत फिरलं, १९६२ पर्यंत व्हाइटहॉलच्या संग्रहालयात राहिलं, आणि आज चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

पण सगळे शिपाई तिथे नाहीत. सायबोर्नने आपल्या अभ्यासानुसार प्रशियन सैन्य त्या वेळी बरंच पुढे आलेलं दाखवलं होतं. वेलिंग्टनच्या गोटाला ते मान्य नव्हतं, कारण मग विजयाचं श्रेय वाटून घ्यावं लागतं. हे दडपण होतं की प्रामाणिक मतभेद, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. शेवटी सायबोर्नने हजारो प्रशियन शिपाई मॉडेलवरून काढले. म्हणजे मॉडेल टिकलं, पण सायबोर्नला जे खरं वाटत होतं ते त्यावर राहिलं नाही. ते टिकलं दुसरीकडे. अधिकाऱ्यांची ती शेकडो पत्रं त्याने जपून ठेवली होती. मुलाने त्यातली निवडक १८९१ मध्ये छापली, आणि मूळ पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आज हा वाद घालता येतो तो या बॅकअपमुळे.

कपाटच खातं तेव्हा

आता पडून राहण्याचा धोका. तुम्ही म्हणाल, हलवलंच नाही, काचेच्या सुंदर ओकच्या कपाटात ठेवलं, मग काय होणार? तर ओकचं कपाटच शिपाई खातं!

ओकच्या लाकडातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते. व्हिनेगरमध्ये असतं तेच. दमट हवेत ते शिशावर काम करतं आणि शिशाचं अ‍ॅसिटेट तयार होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो, म्हणजे पांढरी भुकटी, आणि आम्ल परत मोकळं होतं, पुढच्या शिशाकडे जायला. थोडंसं आम्ल पुन्हापुन्हा वापरलं जातं. संग्राहक याला शिशाची सड म्हणतात. जहाजांच्या जुन्या मॉडेलांवरच्या शिशाच्या बारीक वस्तूही अशाच गेल्या आहेत.

गंमत म्हणजे माणसाने हीच प्रक्रिया शतकानुशतकं मुद्दाम केली. हॉलंडमध्ये शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून ती भांडी शेणखताच्या उबेत पुरायचे आणि काही आठवड्यांनी पांढरा सफेदा खरवडून काढायचे, रंगासाठी. म्हणजे बंद ओकचं कपाट हा सफेद्याचा छोटा कारखानाच झाला. अशी भुकटी दिसली तर ती कोरडी झटकू नका, विषारी असते.

फोमचीही तीच कथा. पॉलियुरेथेन फोमचे काही प्रकार दमट हवेत पाणी घेऊन विरघळतात. कॅमेऱ्याची जुनी बॅग दहा वर्षांनी उघडल्यावर आतलं अस्तर चिकट झालेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजेल. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून संग्रहालयं पॉलिथिलीनचा फोम पसंत करतात.

प्रवासासाठी हल्ली बरेच जण लोहचुंबक वापरतात. १९८० च्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली. नखाएवढी चकती शिपायाच्या बैठकीखाली चिकटवायची, डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा, बस्स. रंगाला कशाचाच स्पर्श नाही. ब्रिटनचा दोरा, सायबोर्नची जमीन, आणि ही चकती, तिन्हींचं तत्त्व एकच: जिथे रंग नाही तिथे धरा.

तेव्हा घरात जपण्यासारखं काही असेल, शिशाचे शिपाई असोत, आजीची कुंकवाची डबी असो की लग्नाचे फोटो, तर "कशात ठेवलंय" हेही एकदा बघा. ते खोकं कशाचं आहे, त्यातून कसला वास येतोय, आत काय कशाला घासतंय. आणि वस्तूबरोबर तिची पत्रंही ठेवा. वस्तू कुणीतरी बदलू शकतं, सायबोर्नला विचारा.