उसाचा ट्रॅक्टर आणि थंड हवा

मलकापूर म्हणजे बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. आपलं कराडला खेटून असलेलं. गळीत हंगामात इथे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हमखास दिसतात. त्यांतल्या कित्येकांच्या बॉनेटवर एक टोपीवाली नळी उभी असते. काहींना तो दुसरा सायलेन्सर वाटतो. मंडळी, ते इंजिनाचं नाक आहे! हजारो रुपये मोजून आपण गाडीला जो 'कोल्ड एअर इंटेक' बसवायला निघतो, त्याचं तत्त्व हेच: बॉनेटखालची तापलेली हवा सोडून बाहेरची घ्यायची.

गार हवेचा एवढा हट्ट कशाला? तर ती दाट असते. ३५ अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली, तर ती सुमारे साडेसात टक्के विरळ. ऑक्सिजन कमी, म्हणून ताकद कमी. शाळेतलंच गणित.

मग हे कंपन्यांना कळत नव्हतं का? कळत होतं की. पण कार्ब्युरेटरच्या जमान्यात भानगड वेगळी होती. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि दमट गारठ्यात कार्ब्युरेटरमध्ये चक्क बर्फ धरतो. म्हणून जुन्या अनेक गाड्यांत एक्झॉस्टजवळची गरम हवा घ्यायची मुद्दाम सोय असे. १ एप्रिल २००० पासून देशभर 'इंडिया २०००' हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि मोटारींतल्या कार्ब्युरेटरचे दिवस भरत आले. इंजेक्शनमध्ये पेट्रोल झडपेजवळच फवारलं जातं, त्यामुळे गरम हवेची गरज उरली नाही. आता बहुतेक गाड्या ग्रिलमागूनच हवा घेतात. म्हणजे थंड हवेची सोय तुमच्या गाडीत बहुधा आधीच आहे. टर्बो असेल तर हवा गार करायला इंटरकूलरही असतो.

उलट बाजारातला उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर नुसता बॉनेटखाली लावला, तर तो गरम हवाच ओढतो. आवाज मात्र झकास येतो. पुष्कळदा पैसे त्या आवाजाचेच असतात :-)

ट्रॅक्टरकडून शिकायचं ते धुळीचं. जुन्या ट्रॅक्टरांत हवा तेलाच्या वाटीवर आपटून मग जाळीतून आत जाते. धूळ तेलातच राहते. ती आत गेली तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढते. तेल लावलेले सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, पण तेल जास्त झालं की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

आणि पाणी! २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर आठवा. नळीचं तोंड खाली बंपरमध्ये नेलं असेल, तर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी पितं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-चार टक्क्यांच्या नादात अख्खं इंजिन खोलायची पाळी.

तेव्हा घ्यायचाच असेल तर बंद पेटीचा घ्या, तोंड उंचावर ठेवा, आणि विकणाऱ्याला ताकदीच्या आधी धूळ किती अडते ते विचारा. नाहीतर कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. त्यात इंजिनाचं जास्त भलं आहे.