नायक-मूल्यमापन, मोबाइल आरपीजीतील

नायक-मूल्यमापन : मोबाइल आरपीजीमध्ये (भूमिका निभावण्याच्या खेळात) नवा नायक दाखल झाला की त्याची कौशल्ये, त्यांचे आकडे, ती वापरण्याचा वेळ आणि संघातील त्याची जागा तपासून तो मिळवावा का, कोणाबरोबर खेळवावा आणि त्याच्यावर किती साधने खर्च करावीत हे ठरवण्याची पद्धत. एकट्या नायकाचे आकडे कितीही मोठे असले, तरी त्याची खरी किंमत संघातील कोणती उणीव तो भरून काढतो यावर ठरते. या नोंदीत प्रामुख्याने शांघायच्या मिहोयो कंपनीच्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२८ सप्टेंबर २०२०) या खेळाच्या आधारे विवेचन केले आहे. हा खेळ मोबाइलबरोबरच संगणक व प्लेस्टेशनवरही खेळला जातो.

पार्श्वभूमी : संघात कामाची वाटणी करण्याची कल्पना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या टेबलावरच्या खेळातील योद्धा, धर्मोपासक आणि जादूगार या वर्गांपर्यंत मागे जाते. ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या ऑनलाइन खेळांत तिचे टँक, हीलर आणि डॅमेज असे त्रिकूट पक्के झाले : एकाने मार झेलायचा, दुसऱ्याने जखमा भरायच्या आणि तिसऱ्याने शत्रूला संपवायचे. जपानी ‘पझल अँड ड्रॅगन्स’ (२०१२), दक्षिण कोरियाचा ‘समनर्स वॉर’ (२०१४) आणि जपानी ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ (२०१५) यांनी ही वाटणी मोबाइलवर रुजवली. त्याच वेळी तिला गचाची, म्हणजे सोडतीतून नायक मिळवण्याच्या पद्धतीची, जोड मिळाली. तेव्हापासून मूल्यमापनाला डावपेचांइतकेच खर्चाच्या हिशेबाचे रूप आले.

हिशेबाची गरज : गेन्शिनमध्ये पंचतारांकित नायक एका पुलमध्ये, म्हणजे सोडतीच्या एका खेपेत, मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. ९० व्या पुलपर्यंत एक पंचतारांकित नायक हमखास मिळतो. या हमीला खेळाडू ‘पिटी’ म्हणतात. तो नायक जाहिरात केलेलाच असेल याची खात्री मात्र नसते. सोडत हुकली तर पुढचा पंचतारांकित नायक हवा तोच मिळतो. एका पुलला १६० प्रिमोजेम (खेळातील चलन) लागतात. म्हणून अगदी प्रतिकूल नशिबात १८० पुल, अर्थात २८,८०० प्रिमोजेम, खर्ची पडतात. खेळून मिळणाऱ्या प्रिमोजेममधून एवढा साठा व्हायला महिने जातात. साधारण सहा आठवड्यांनी खेळाची नवी आवृत्ती येते आणि तिच्याबरोबर बहुधा नवा नायकही येतो. प्रत्येक नायक घेणे बहुतेकांना शक्य नसल्याने निवड करावीच लागते.

कौशल्यांचे वाचन : गेन्शिनमधील प्रत्येक नायकाकडे साधा हल्ला, तत्त्व-कौशल्य (अग्नी, जल, वीज यांसारख्या तत्त्वावर आधारलेले), ऊर्जा साठल्यावर वापरता येणारा बर्स्ट आणि आपोआप लागू होणारे काही पॅसिव्ह गुण असतात. यांखेरीज त्याची सहा ‘कॉन्स्टेलेशन’ असतात; तोच नायक पुन्हा मिळाला की त्यातले एक उघडते. वर्णन वाचताना पहिला प्रश्न असा की, नुकसानाचा आकडा कशावर मोजला जातो : हल्लाशक्तीवर, कमाल प्राणांवर, बचावावर की एलिमेंटल मास्टरीवर (तत्त्वांच्या प्रतिक्रियांची ताकद वाढवणाऱ्या गुणावर)? नायकाला कोणती शस्त्रे आणि आर्टिफॅक्ट (अंगावर चढवायच्या, आकडे वाढवणाऱ्या वस्तू) लागतील हे त्यावरून ठरते. दुसरा प्रश्न असा की, कौशल्याचा परिणाम मैदानातील नायकापुरता आहे की सगळ्या संघाला मिळतो? तिसरा प्रश्न म्हणजे नायक मागे घेतल्यावर कौशल्य चालू राहते का? गेन्शिनमध्ये चार जणांच्या संघातला एकच जण एका वेळी मैदानात असतो. त्यामुळे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर नायकाची उपयुक्तता अनेक पटींनी वाढते.

शियांगलिंग ही चतुस्तारांकित नायिका याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या बर्स्टमधून निघणारे अग्निचक्र १० सेकंद मैदानातील नायकाभोवती फिरत राहते, मग तो नायक कोणीही असो. ‘स्पायरल अ‍ॅबिस’ या आव्हानाचा तिसरा मजला पार केल्यावर ती सर्वांना विनामूल्य मिळते. तरीही वर्षानुवर्षे तिने बलाढ्य संघांत जागा टिकवली आहे. ताऱ्यांची संख्या नायकाची दुर्मिळता सांगते. उपयुक्तता कौशल्याच्या रचनेतूनच कळते.

आकड्यांचा अर्थ : नुकसानाच्या सूत्रात कौशल्याची टक्केवारी, नायकाची हल्लाशक्ती, नुकसानवाढ, क्रिटिकल (अधूनमधून बसणारा जादा नुकसानीचा प्रहार), शत्रूचा बचाव व प्रतिकार आणि तत्त्वांची प्रतिक्रिया हे घटक एकमेकांना गुणले जातात. म्हणून एकच घटक फुगवत नेण्यापेक्षा सर्व घटक समतोल वाढवल्यास फळ अधिक मिळते. क्रिटिकलची शक्यता ६० टक्के आणि क्रिटिकलचे जादा नुकसान १२० टक्के असेल, तर सरासरी गुणक १ + ०.६ × १.२, म्हणजे १.७२ येतो. मदतनीस नायकाचा हिशेब मात्र निराळा असतो. बेनेट आपल्या बर्स्टच्या वर्तुळातील नायकाची हल्लाशक्ती वाढवतो. कौशल्याच्या १० व्या पातळीवर ही वाढ बेनेटच्या मूळ हल्लाशक्तीच्या सुमारे १०१ टक्के असते. ९० व्या पातळीवर त्याची स्वतःची मूळ हल्लाशक्ती १९१ आहे. त्याला ६०८ मूळ हल्लाशक्तीची तलवार दिली, तर बेरीज ७९९ होते आणि साथीदाराला सुमारे ८०५ ची भर मिळते. या वाढीत बेनेटच्या क्रिटिकलचा काहीही वाटा नसतो. त्याचे शस्त्र निवडताना त्यामुळे मूळ हल्लाशक्तीचा आकडा पाहावा लागतो. मुख्य मारेकऱ्याला साजणारी निवड इथे वाया जाते.

वेळ आणि ऊर्जा : नव्या नायकाबद्दलचे अंदाज सर्वाधिक चुकतात ते वेळेच्या बाबतीत. कौशल्य किती सेकंद टिकते आणि कूलडाउन, म्हणजे ते पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ, किती, यांच्या गुणोत्तरावरून ते प्रत्यक्षात किती काळ हाताशी आहे हे कळते. बेनेटचा बर्स्ट १२ सेकंद टिकतो, १५ सेकंदांनी पुन्हा वापरता येतो आणि त्याला ६० ऊर्जा लागते. शियांगलिंगच्या बर्स्टचे कूलडाउन २० सेकंद आहे, पण त्याला ८० ऊर्जा लागते. दोघेही अग्नी तत्त्वाचे असल्याने बेनेटच्या कौशल्यातून पडणारे ऊर्जाकण तिला पुरेपूर लाभतात. ही जोडी इतकी का जमते याचे अर्धे उत्तर या ऊर्जेत आहे.

दोन तत्त्वे शत्रूवर एकत्र आली की प्रतिक्रिया होते, म्हणून तत्त्व चिकटण्याचा वेगही मोजावा लागतो. सर्वसाधारण नियमानुसार एकाच कौशल्याचे तत्त्व शत्रूला दर २.५ सेकंदांनी किंवा दर तिसऱ्या प्रहाराला चिकटते. काही कौशल्ये या नियमाला अपवाद आहेत. शियांगलिंगच्या अग्निचक्राचा प्रत्येक प्रहार अग्नी चिकटवतो. म्हणून जलतत्त्वाचा साथीदार सोबत असला की तिला १.५ पट नुकसानाची वाफेची प्रतिक्रिया पुनःपुन्हा साधता येते.

संघातील भूमिका : टँक-हीलर-डॅमेज हे त्रिकूट गेन्शिनला जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे पुढील भूमिका अधिक नेमक्या ठरतात : मैदानात राहून मारा करणारा मुख्य नायक, मैदानाबाहेरून मारा करणारा साथीदार, साथीदारांची ताकद वाढवणारा किंवा शत्रूचा प्रतिकार उतरवणारा, प्राण भरणारा वा ढाल देणारा. एकच नायक दोन-तीन कामे करू शकत असेल, तर संघातली एक जागा मोकळी होते. काझुहा (जून २०२१) शत्रूंना एकत्र खेचतो, एलिमेंटल मास्टरीच्या प्रत्येक गुणामागे साथीदारांचे तत्त्व-नुकसान ०.०४ टक्क्यांनी वाढवतो आणि योग्य आर्टिफॅक्ट संचाच्या जोरावर शत्रूचा प्रतिकार ४० टक्क्यांनी उतरवतो. मास्टरी १,००० असेल तर वाढ ४० टक्के होते. त्याचे स्वतःचे नुकसान बाजूला ठेवले तरी ही तीन कामे त्याला संघात जागा मिळवून देतात.

बदललेले निवाडे : पहिल्या आठवड्यातला निकाल अंतिम नसतो, हे पुढील तीन उदाहरणांतून दिसते.

झोंगली डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा त्याचे नुकसान अपेक्षेपेक्षा कमी असल्याची तीव्र नाराजी, विशेषतः चिनी खेळाडूंत, उमटली. फेब्रुवारी २०२१ मधील १.३ आवृत्तीत त्याच्या ढालीजवळील शत्रूंचा प्रतिकार २० टक्क्यांनी घटेल, असा बदल कंपनीने केला आणि त्याच्या प्रहारांना कमाल प्राणांच्या प्रमाणात जादा नुकसानही दिले. ढालीमुळे मुख्य नायकाचा हल्ला मध्येच तुटत नाही, हा लाभही पुढे लक्षात आला आणि तो संरक्षणाचा मानदंड ठरला.

कोकोमी सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तिच्या पॅसिव्हमुळे उपचार २५ टक्के वाढतात, पण क्रिटिकलची शक्यता १०० टक्क्यांनी घटते. क्रिटिकल नसलेली नायिका कशाला घ्यायची, असा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला गेला. तिचा जेलीफिश १२ सेकंद राहतो, दर दोन सेकंदांनी जल चिकटवतो आणि प्राणही भरतो. बर्स्ट वापरल्यावर त्याची मुदत नव्याने सुरू होते. शत्रूला सतत गोठवून ठेवणाऱ्या आयाका या नायिकेच्या संघात उपचार आणि जल ही दोन्ही कामे तिने एकटीने पेलली. २०२१ च्या अखेरीस ढालीला न जुमानता सगळ्या संघाचे प्राण झिजवणारे शत्रू आले, तेव्हा उपचाराची किंमत आणखी वाढली.

कुकी शिनोबु ही वीज तत्त्वाची चतुस्तारांकित हीलर जून २०२२ मध्ये आली. तेव्हा तिला फारशी मागणी नव्हती. ऑगस्ट २०२२ मधील ३.० आवृत्तीत वनस्पती तत्त्व खुले झाले. जल आणि वनस्पती मिळून तयार होणाऱ्या बीजाला वीज लागली की ‘हायपरब्लूम’ होतो. त्याचे नुकसान वीज लावणाऱ्याच्या पातळीवर आणि मास्टरीवर ठरते. शिनोबुला मास्टरीचे आर्टिफॅक्ट दिले की ती उपचारही करते आणि भरघोस नुकसानही. तिची कौशल्ये होती तशीच होती. खेळाचे नियम तिच्या बाजूने बदलले.

पाळीने चालणारे खेळ : जेथे नायक आळीपाळीने वार करतात तेथे सेकंदांऐवजी पाळ्या मोजतात. ‘होंकाई : स्टार रेल’मध्ये (२६ एप्रिल २०२३) पुढची पाळी येण्याचे अंतर १०,००० ला वेगाने भागून निघते. पहिले आवर्तन, म्हणजे लढाईचा वेळ मोजण्याचा पहिला टप्पा, १५० एककांचे असल्याने १३४ वेग असलेल्या नायकाला त्यात दोन पाळ्या मिळतात. १३० वेगाच्या नायकाला एकच. तेथे कौशल्य-गुण संपूर्ण संघाचे सामाईक असतात : साध्या हल्ल्याने एक गुण मिळतो आणि कौशल्य वापरल्यास एक खर्च होतो. गुण उधळणारे दोन नायक एकत्र आले तर संघ अडतो. नवा नायक गुण मिळवून देणारा आहे की खाणारा, हे म्हणून आधी पाहावे लागते.

चाचणी : गेन्शिनमध्ये जाहिरात केलेल्या नायकाची चाचणी-फेरी विनामूल्य असते. तीत कौशल्यांचा क्रम, हालचालीचा अवघडपणा आणि परिणामाची व्याप्ती हाताने जोखता येते. मात्र तेथील शत्रू सोपे आणि साथीदार निवडक असतात. खरी कसोटी स्पायरल अ‍ॅबिसमध्ये लागते. बारा मजल्यांच्या या आव्हानात पाचव्या मजल्यापासून दोन स्वतंत्र संघ लागतात. म्हणूनच नवा नायक दुसऱ्या संघातले कोणाला मोकळे करतो, हेही विचारावे लागते. गेन्शिन मराठीत किंवा अन्य कोणत्याही भारतीय भाषेत उपलब्ध नाही. कौशल्यांची वर्णने मराठी खेळाडूंना परभाषेतूनच वाचावी लागतात. टक्केवारी कशाची आहे, हे त्यांनी दोनदा तपासून घ्यावे.

निष्कर्ष : टियर लिस्ट, म्हणजे नायकांची प्रतवारी, सरासरी खेळाडूसाठी लिहिलेली असते. तुमच्याकडे कोणते नायक आहेत, कोणती शस्त्रे आहेत आणि कोणता मजला अडला आहे, हे तिला ठाऊक नसते. नवा नायक तुमच्या संघातली अडचण सोडवत असेल तर तो घेण्याजोगा आहे. तसे नसेल तर साठवलेले प्रिमोजेम पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवणे हाच योग्य निर्णय होय. निर्णय होत नसेल तेव्हा पैसे खर्चू नयेत : गाजलेले नायक सोडतीत पुन्हा येत राहतात, आणि तोवर त्यांच्याविषयीची माहितीही पक्की झालेली असते.