नांदेड-लातूर रस्ता आणि छोटा टर्बो

आमच्या भागात गाडीची पारख भरल्या गाडीवर होते. रिकामी गाडी काय, कुणीही पळवतो. आत लग्नाची माणसं दाटीवाटीने बसलेली, वर कॅरियरला आहेराच्या बॅगा, एसी चालू, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि लोहा सोडून गाडी अहमदपूरच्या दिशेला लागलेली. नांदेड गोदावरीच्या काठी, लातूर बालाघाटाच्या पठारावर. म्हणजे नांदेडहून लातूरला येणं हे एकूणात चढणंच. इथे दर चढाला गिअर पाडावा लागला की मालकाचं तोंड उतरतं.

माझं गॅरेज लातूरला आणि सासुरवाडी नांदेडची, त्यामुळे हा रस्ता मी गाडीखालूनही पाहिला आणि गाडीत बसूनही. हल्ली नवी गाडी घेणारा प्रत्येक जण विचारतो, हजार-बाराशे सीसीचं टर्बोवालं इंजिन रोजच्या वापराला टिकेल का? त्याचं उत्तर कंपनीच्या पुस्तकात शोधू नये. आपल्याच रस्त्याच्या मागच्या तीस वर्षांत ते आहे.

आधी होत्या काळ्या-पिवळ्या जीपा आणि ट्रॅक्स. मग १९९४ ला सुमो आली, दोन लिटरचं साधं डिझेल इंजिन घेऊन. ती सगळी इंजिनं मोठी, ताकद बेताची, पण सोशीक. आमचे उस्ताद ऑइलची काडी काढून दोन बोटांत चोळायचे आणि त्यावरून इंजिनाचं वय सांगायचे. ऑइल डांबरासारखं झालं तरी गाडी चालायचीच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी, गळती असेल तर साबण लावायचा. इंजिन अगदीच धूर काढू लागलं की रिंग-पिस्टन टाकायचे, पुन्हा सवारी सुरू. या गाड्यांनी आमच्या ड्रायव्हरांना पोसलं आणि त्यांना एक सवयही लावली. इंजिनाकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं, ही ती सवय. पुढे टर्बोंचा जीव घेतला तो या सवयीने.

टर्बो ही काही कालची वस्तू नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन जाळता येतं, म्हणून छोटं इंजिन मोठ्याचं काम करतं. आपल्याकडे हे लहान गाडीत घुसलं ते मुख्यतः करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. अट अशी की पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आणि डिझेल पंधराशेच्या आत हवं. मग कंपन्यांनी इंजिन लहान केलं आणि ताकद टर्बोतून काढली.

२००७ च्या सुरुवातीला मारुतीची स्विफ्ट डिझेल आली. इंजिन मुळात फियाटचं, १२४८ सीसी, टॉर्क १९० न्यूटन-मीटर. तेच इंजिन पुढे डिझायरमध्ये, व्हिस्टात, पुंटोत. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं. २००८ ला नांदेडला शिखांच्या गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, शहरातले रस्ते रुंद झाले, यात्रेकरूंची वर्दळ वाढली. इकडे लातूरला शिकवणीसाठी पोरं ठेवायला येणारे आईबाप गादी, कूलर, धान्याचं पोतं असं सगळं डिकीत घालून येऊ लागले. एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या, म्हणजे लातूर-नांदेडच्या, टॅक्सीवाल्यांनी ही छोटी डिझेल गाडी डोक्यावर घेतली, कारण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही एकत्र मिळत होतं.

आणि मग आमच्याकडे टर्बो निकामी झालेल्या गाड्या येऊ लागल्या. शिट्टी वाजते, निळा धूर येतो, गाडी उठत नाही. टर्बो खोलून हातात घेतला की दांडा बोटाने हलवून बघायचा. तो लटलट हलत असे, आणि ऑइलच्या बारीक नळीत आत कोळसा झालेला असे. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ड्रायव्हर नांदेडहून गाडी ताणून आणायचा, ढाब्यावर थांबला की लगेच चावी बंद करायचा. ऑइल जागीच थांबायचं आणि त्या उष्णतेत जळायचं. त्यात ऑइल बदलायला दुप्पट उशीर केलेला, डब्यातलं ऑइलही बाजारातलं सुटं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आमच्या लातुरात कूलंट कोण मागणार? रेडिएटरमध्ये जड पाणी गेलं, आत पांढरा थर बसला, इंजिनं तापली. लोक म्हणाले, छोट्या इंजिनात दम नाही. मला हे आजही पटत नाही. त्याच मॉडेलची गाडी चालवणारा, ऑइल वेळेवर बदलणारा शाळामास्तर वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगशिवाय दुसऱ्या कामाला आलाच नाही.

खेड्यापाड्याचा विश्वास बसला तो बोलेरोमुळे. २०१६ ला बोलेरो पॉवर प्लस आली. आधीचं अडीच लिटरचं इंजिन जाऊन १४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो आलं. टॉर्क तेवढाच राहिला, १९५. हजारभर सीसी कमी झाले आणि शेतावर जाणाऱ्या माणसाच्या कामात फरक पडला नाही.

१ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम लागू झाला आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. आता टर्बो म्हणजे बहुधा पेट्रोल. ह्युंदाई व्हेन्यू २०१९ ला आली तेव्हाचं उदाहरण घ्या. तिच्या बाराशे सीसीच्या साध्या इंजिनाला ११५ टॉर्क, तोही चार हजार फेऱ्यांवर. हजार सीसीच्या टर्बोला १७२, आणि तो दीड हजारापासून. माणसं आणि सामान भरून घाट चढताना हा फरक पायाला कळतो. पण लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत, शाळा-बाजार-घर एवढ्याच फेऱ्या असतील तर ती ताकद वापरलीच जात नाही. उलट पाय जड असला की पेट्रोल जास्त जातं, आणि इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होतं, तेही त्याला सोसत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. महिन्यातून चार वेळा नांदेड, सोलापूर, पुणे करणाऱ्याने टर्बो बिनधास्त घ्यावा. गावातल्या गावात फिरणाऱ्याने साधं इंजिन घ्यावं आणि वाचलेले पैसे घरात वापरावेत. टर्बो घेतलाच तर पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल सांगितलेल्या किलोमीटरच्या आत बदला, रेडिएटरला कूलंटच घाला, लांबून आल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवून मग चावी काढा. आणि जुनी टर्बो गाडी घेत असाल तर रंग बघण्याआधी मालकाकडे ऑइलची बिलं मागा. बिलं नसतील तर ती गाडी सोडा.