बाबासाहेबांचे तुटक लंडन आणि नोकरी करणारा विद्यार्थी

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते. बाबासाहेब कोलंबियाला गेले, लंडनला गेले, पदव्या घेऊन आले. जयंतीच्या भाषणात ती दोन वाक्यांत संपते. मधली वर्षे कोणी सांगत नाही. नोकरी करत डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले-मुली आज आमच्या कुर्ल्याच्या वस्त्यांत आहेत. त्यांना नेमकी ती मधली वर्षे कळायला हवीत.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. इथे एक कागद कामी आला. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली होती. त्या परवानगीच्या भरवशावर त्यांनी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी धरली आणि पगारातून पैसे बाजूला टाकले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. सोबत स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये कर्ज. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी.

म्हणजे हे शिक्षण सलग झालेच नाही. ते तुटत, थांबत, पगारावर आणि उसनवारीवर झाले. परळच्या चाळीत रमाईने ओढलेला संसार हाही त्या शिक्षणाचाच खर्च होता, फक्त तो कुठल्या हिशेबाच्या वहीत लिहिला गेला नाही. आज परदेशी विद्यापीठाचे पत्र हातात असलेला आमचा मुलगा पहिला प्रश्न हाच विचारतो : मी तीन महिने गेलो तर घर कोण चालवणार?

डिझाइन हा आपला विषय नाही, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी जरा कुर्ल्याचाच इतिहास पाहावा. फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत होती. आराखडा इटलीचा, घाम कुर्ल्याचा. कारखाना गेला, त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, कामगाराच्या हाती कौशल्य राहिले आणि आराखडा काढण्याचा अधिकार मात्र कधीच आला नाही. इथून फार लांब नसलेल्या पवईत १९६९ मध्ये आयआयटीचे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. ते उभे करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आले होते. त्याआधी, १९५८ मध्ये, भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने अहवाल दिला आणि त्यात आपल्या साध्या लोट्याचे कौतुक केले. कौतुक योग्यच आहे. पण लोटा घडवणाऱ्या तांबटाच्या, मडके घडवणाऱ्या कुंभाराच्या, चामडे कमावणाऱ्या धारावीच्या कारागिराच्या पोराला त्या शाळेत बसायला जागा मिळाली का, हा प्रश्न अहवालाबाहेर राहिला. हाताने करणारा खाली आणि डोक्याने आखणारा वर, ही जातीचीच विभागणी. डिझाइनच्या वर्गात ती नव्या कपड्यांत येऊन बसते.

सरकारला कामगाराला थोड्या काळासाठी परदेशी पाठवता येत नाही, हेही खोटे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, बेव्हिन योजनेखाली भारतीय कामगार काही महिन्यांच्या तांत्रिक प्रशिक्षणासाठी ब्रिटनला जात होते. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचे नाव त्या योजनेला होते. युद्धाला कारागीर हवे होते, म्हणून जहाजेही मिळाली आणि पैसाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री झाले, तेव्हा हे काम त्यांच्याच खात्याकडे होते. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात विज्ञान, तंत्रशिक्षण आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला, आणि सरकारी छापखाने व रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारीची सोयही मागितली. विद्यापीठ आणि वर्कशॉप त्यांनी एकाच कागदावर ठेवले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आज काय आहे? केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्ही पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी.साठी. दिवसा पॅकेजिंगचे काम करून रात्री प्रोजेक्ट करणारी मुलगी सहा आठवड्यांच्या किंवा एका सत्राच्या देवाणघेवाणीसाठी निवडली गेली, तर तिच्यासाठी यात जागा नाही. अशा करारांत समोरचे विद्यापीठ बहुधा शुल्क माफ करते. विमान, व्हिसा, राहणे, बँकेत दाखवायची शिल्लक आणि बुडालेला पगार तिने बघायचा. जागा मग कोणाला जाते, हे सांगायला नको. युरोपने १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू केला आणि २०२१ पासून ५ ते ३० दिवसांच्या मुक्कामाचे, बाकी ऑनलाइन असे अभ्यासक्रमही त्यात घेतले. लांब मुक्काम सगळ्यांना परवडत नाही, हे त्यांना कळले.

सहा आठवड्यांत काय शिकणार, फिरून येतील, असा टोमणा येईल. सवर्ण घरातला मुलगा बापाच्या पैशाने समर स्कूलला जातो तेव्हा हा टोमणा ऐकू येत नाही. शिवाय नोकरीवर परत येणारा विद्यार्थी शिकलेले इथेच वापरतो.

पूर्ण पदवीची एकही जागा कमी न करता अल्पमुदतीसाठी वेगळा निधी हवा. बुडालेल्या पगाराची भरपाई त्यात हवी. पैसे व्हिसाच्या आधी हवेत, परत आल्यावर बिले लावून नकोत. या मागणीचे निवेदन आम्ही सामाजिक न्याय विभागासाठी तयार करत आहोत. निवड होऊनही पैशाअभावी ज्यांना जाता आले नाही, त्यांनी आपली निवडपत्रे घेऊन आमच्याकडे यावे. नावे झाकून ती निवेदनाला जोडू.