मॅटरहॉर्नची वाट

दुरून डोंगर साजरे ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखराचा इतिहास वाचताना ती उलट करून घ्यावी असे आम्हांस वाटते. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर ४४७८ मीटर उंचीचे हे शिखर चार कडे व चार धारा घेऊन एकाकी उभे आहे. स्वित्झर्लंडमधील त्सेरमाट गावातून त्याचा पूर्वेकडील कडा भिंतीसारखा उभा दिसतो. त्यामुळे १८६५ पूर्वी शिखर गाठू पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी इटलीच्या बाजूची नैर्ऋत्य धार पत्करली, आणि ते हात हलवीत परत आले.

एडवर्ड व्हिंपर हा लाकडावर चित्रे कोरणारा इंग्रज कारागीर. १८६१ पासून तोही याच धारेवर वारंवार हरला. पुढे त्याने पूर्वेकडचा कडा समोरून न पाहता बाजूने पाहिला, तेव्हा त्याची चढण चाळीस अंशांहून फारशी अधिक नाही असे त्यास आढळले. दुसरी गोष्ट खडकाच्या थरांची. हे थर नैर्ऋत्येकडे कललेले आहेत. म्हणून इटलीच्या बाजूस प्रत्येक पायरी बाहेर उतरती होऊन पाय निसटतो. ईशान्य धारेवर ती आत कललेली असल्याने पाय टिकतो. अशक्य म्हणून सोडलेली बाजूच सुलभ निघाली.

१४ जुलै १८६५ रोजी दुपारी व्हिंपरसह सात जण या धारेने माथ्यावर पोचले. उतरताना एकोणीस वर्षांच्या अननुभवी हॅडोचा पाय घसरला व तो पुढील वाटाड्या मिशेल क्रो याच्यावर आदळला. मागील हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हेही ओढले गेले. डग्लस व थोरला पीटर टाउगवाल्डर यांच्यामधील दोर तुटला. चौघे उत्तर कड्यावरून हिमनदीवर कोसळले. डग्लसचे प्रेत सापडले नाही. टाउगवाल्डर पितापुत्र व व्हिंपर तेवढे वाचले.

लवकरच कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्याने आपला जीव वाचविण्यासाठी दोर कापला. चौकशीत तो निर्दोष ठरला. दोराचे टोक कापलेले नाही, हे व्हिंपरनेही लिहिले. पण सर्वांत कमजोर दोर तेथे का बांधला, हा प्रश्न मांडून त्याने संशयास नवी वाट करून दिली. त्या दोराचा तुकडा आज त्सेरमाटच्या संग्रहालयात आहे.

अपघातानंतर तीनच दिवसांनी, १७ जुलै रोजी, इटलीचा वाटाड्या झाँ-आंत्वान कारेल याने नैर्ऋत्य धारही सर केली. पंचवीस वर्षांनी, १८९० साली, त्याच धारेवर वादळात सापडलेल्या आपल्या सोबत्यांस सुखरूप खाली आणून तो पायथ्याशी मरण पावला. १९३१ साली श्मिड बंधूंनी उत्तर कडाही चढून दाखविला.

व्हिंपरने कड्याकडे बाजूस जाऊन पाहिले, म्हणून वाट सापडली. टाउगवाल्डरकडे मात्र लोकांनी दुरूनच पाहिले. पर्वतास जो न्याय मिळाला, तो त्या गरीब वाटाड्यास मिळण्यास एक निकाल पुरला नाही, हे आम्हांस या इतिहासातील सर्वांत कठीण चढण वाटते.