क्लिफ्टनची टेकडी आणि लॉकची अंधारी कोठी

मागच्या वेळी आपण जॉन लॉकच्या कोऱ्या कागदापाशी थांबलो होतो. आज त्याच्याच मुलखात जाऊ. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या पश्चिमेला एव्हन नदीने चुनखडीचा डोंगर चिरून खोल घळ केली आहे. तिच्या काठावर क्लिफ्टनची टेकडी. इथे लोहयुगातल्या किल्ल्याचे मातीचे तट अजून ओळखू येतात. पण आपल्याला पाहायचा आहे तो तिथला बुरूज.

हा बुरूज म्हणजे मुळात पवनचक्की. आधी तीत धान्य दळत, पुढे तपकीर. १७७७ साली वादळात पाती फिरत राहिली, आग लागली, आणि चक्की बंद पडली. १८२८मध्ये विल्यम वेस्ट या चित्रकाराने तो पडका बुरूज भाड्याने घेतला. माथ्यावर भिंग आणि तिरपा आरसा बसवला, खाली अंधाऱ्या खोलीत गोल मेज. आरसा फिरवला की मेजावर घळ, नदी, चालती माणसं! (गडी हौशी, खडक फोडून कड्यातल्या गुहेपर्यंत बोगदाही काढला, तो १८३७चा.)

आता लॉक. बुद्धीला त्याने अशाच अंधाऱ्या कोठीची उपमा दिली. मात्र एक पुस्तीही जोडली: आत आलेली चित्रं तिथे टिकली पाहिजेत, हवी तेव्हा सापडली पाहिजेत. वेस्टच्या मेजावर नेमकं हेच होत नाही. तिथे आज ब्रुनेलचा झुलता पूल दिसतो. काम १८३१ला सुरू झालं, पैशाअभावी रखडलं, आणि ब्रुनेल गेल्यावर पाच वर्षांनी, १८६४त पूल खुला झाला. पण पुलाखालच्या याच पाण्यातून गुलामांच्या व्यापाराची जहाजं समुद्राकडे जात. ब्रिस्टलच्या जहाजांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसं वाहून नेली. मेजावर ती कुठून दिसणार? आणि तपकीर तरी कशाची? गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या तंबाखूचीच ना?

खुद्द लॉकने रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. हे सांगितलं की काही जण नाराज होतात. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात भागभांडवल कशाला, म्हणतात. आमच्या मते ते तिथेच हवं. माणूस स्वतंत्र जन्मतो असं मांडणाऱ्याच्या कोठीत ही चित्रं टिकली नाहीत, की टिकूनही त्याने काढून पाहिली नाहीत, हा ज्ञानमीमांसेचाच प्रश्न आहे.

वेस्टने बुरूज घेतला तेव्हा ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायदेशीरच होती. ती रद्द करणारा कायदा १८३३चा. त्याच वर्षी सप्टेंबरात राजा राममोहन रॉय याच ब्रिस्टलमध्ये वारले. पुढच्या वेळी त्यांच्यापासून सुरुवात करू.