भाडेपावतीपासून खरेदीखतापर्यंत

गेल्या शतकाच्या आरंभी गिरगाव-परळच्या चाळींतून संसार करणाऱ्या मराठी माणसाला जर कोणी पुसले असते की, स्वतःचे घर विकत घेण्याइतकी आपली सिद्धता झाली आहे काय, तर त्या प्रश्नाचा रोखच त्याच्या ध्यानी आला नसता; कारण त्याचे घर रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी, भाऊबंदांच्या सामाईक मिळकतीत, होतेच, आणि मुंबईत होते ते केवळ बिऱ्हाड. शिल्लक पडेल ती रक्कम मनीऑर्डरने गावी जाई व तेथील घर शाकारण्याच्या, नाहीतर गहाण पडलेले शेत सोडविण्याच्या कामी लागे.

१८९६ साली मुंबईतील मांडवीत उद्भवलेल्या प्लेगने दाट वस्तीचे भय सरकारदरबारी प्रत्ययास आणून दिले, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते रुंद करून नवे भूखंड भाडेपट्ट्याने देण्यास प्रारंभ केला. अशाच भूखंडांवर गावदेवी येथे, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने, १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिची रचना मोठी मनोज्ञ होती: जमीन ट्रस्टची, इमारती संस्थेच्या, आणि सभासद हा एकाच वेळी संस्थेचा भागीदार व तिचाच भाडेकरू! एकट्याच्या ऐपतीबाहेरची गोष्ट अशा रीतीने अनेकांच्या भागभांडवलातून साध्य झाली. सभासद एकाच ज्ञातीचे असल्यामुळे परस्परांच्या पतीची खात्री जामिनावाचून पटे, हे खरे, परंतु त्याच कारणाने इतरांस तेथे दार बंद राही, हेही तितकेच खरे.

तथापि बहुसंख्य मध्यमवर्गीयांना या मार्गाने जाण्याची निकड भासली नाही, आणि याचे श्रेय, किंवा दोष, भाडेनियंत्रणाच्या कायद्यांकडे जातो. पहिल्या महायुद्धातील भाडेवाढीला आवर घालण्यासाठी १९१८ साली तात्पुरती म्हणून झालेली तजवीज १९४७ च्या कायद्याने इतकी दृढ केली की, १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे बव्हंशी प्रमाण ठरून जणू शिलालेखावर कोरले गेले. अशा स्थितीत भाडेकरू राहणे यातच व्यवहारचातुर्य होते. वहिवाट पिढ्यान् पिढ्या चाले आणि जागा सोडणारा नव्या भाडेकरूकडून पागडी घेई. परंतु ज्या कायद्याने राहत्या भाडेकरूला अभय दिले, त्यानेच त्याच्या मुलाची कोंडी केली, हे माझ्या मते या इतिहासातील सर्वांत उपेक्षित सत्य आहे. गोठलेल्या भाड्यासाठी नवी चाळ बांधण्यात मालकांना स्वारस्य उरेना, ते खोल्यांऐवजी ओनरशिपचे ब्लॉक विकू लागले, आणि लग्न ठरलेल्या तरुणाला घर हवे तर ते विकतच घ्यावे लागे, मग त्याची तयारी असो वा नसो.

या विक्रीत इतका अंदाधुंद कारभार माजला की, महाराष्ट्र सरकारला १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा करावा लागला: जमिनीवरील आपला हक्क बिल्डरने उघड करावा, लेखी करारनामा करून तो नोंदविल्याखेरीज इसारा घेऊ नये आणि गाळे विकल्यावर घेणाऱ्यांची संस्था स्थापून द्यावी. दस्तऐवजांची ही व्यवस्था लागली. द्रव्याची मात्र लागली नव्हती. प्रॉव्हिडंट फंड, पत्नीचे दागिने, गावाकडील जमिनीचा हिस्सा, अशी सारी पुंजी एकत्र करता करता कर्ता पुरुष निवृत्तीला टेके.

हे बदलले ते १९७७ साली, हसमुखभाई पारेख यांनी केवळ घरांसाठी कर्ज देणारी हाऊसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केल्यावर. आणि गंमत अशी की, लोकांना घरासाठी निवृत्तीची वाट पाहावी लागू नये म्हणून झटणाऱ्या या गृहस्थाने हा उद्योग आरंभिला तो स्वतः निवृत्त झाल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. ज्ञातीच्या पंचांनी किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी द्यावयाचा, घर घेण्याच्या तयारीविषयीचा निर्णय हळूहळू कर्ज देणाऱ्याच्या दप्तरात गेला. साठीला पुंजी मोजून ठरणारी तयारी तिशीतल्या पगारपत्रकावर ठरू लागली, आणि हप्त्यांची मुदत निवृत्तीच्या तारखेपासून मागे मोजली जाऊ लागली.